झडती

छापखान्यात चौतीस वर्षं
त्यांची रोज झडती झाली.
सुटीचा भोंगा वाजला की रांगेत उभं राहायचं,
डबा उघडून दाखवायचा, उरलेली चतकोर पोळीसुद्धा,
खिसे उलटे करायचे, चपला झटकायच्या.
रंगनाथ आरिंगळे, तपासणी विभाग,
कधी कुरकुरले नाहीत.
उलट घरी येऊन कौतुकाने सांगायचे,
आज एक कागद कमी भरला.
फाटका, शाई फासलेला, रद्दीतला कागद,
पण सापडेपर्यंत कुणाला सोडलं नाही.
मी इकडे जेल रोडला भाजी तिसऱ्यांदा गरम करत
त्या कागदाला शिव्या घातलेल्या असायच्या.

निवृत्तीला आता अकरा वर्षं झाली.

यंदा फाल्गुनात
त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी हलायला लागली.
नुसती तर्जनी. कागद मोजायचं बोट.
मला सांगितलं नाही, वृषालीला नाही.
चहाचा कप डाव्या हातात धरायला लागले,
मला वाटलं, असेल एखादी लहर.
एका रात्री अडीच वाजता
पांघरुणात डोकं घालून त्यांनी फोनला विचारलं,
बोट आपोआप हलते कारण काय.
एवढंच.
आणि फोन उशाखाली सरकवला.
उशाखालची वस्तू आपलीच असते
असा आमच्या पिढीचा समज.

सकाळी मी गाजराच्या लोणच्याची कृती शोधत होते.
माझ्या फोनवर
एक गोरापान म्हातारा हात थरथरवत हसला,
तुमच्या माणसात ही लक्षणं दिसतात का?
खाली कुठलासा दवाखाना, हप्त्याने पैसे.
दुपारी विमा. तिन्हीसांजेला कंपवातावरचं तेल.
असे तीन दिवस.
चौथ्या दिवशी
मी त्यांच्या हाताकडे पाहिलं.

चव्वेचाळीस वर्षांचा संसार,
आणि नवऱ्याचं दुखणं मला
तेलवाल्याने सांगितलं.

वृषाली म्हणाली, बाबा, तुम्हीच तर
'सहमत आहे' दाबलंत.
दाबलं, ते म्हणाले,
न दाबता कुणी आत सोडत होतं का?
कायदा झालाय, ती म्हणाली, नियम येतायत.
कायदा आमच्याकडेही भिंतीवर टांगलेला होता, काचेत.
काम करायचा तो गेटवरचा म्हस्के.
साहेबाचाही डबा उघडायला लावायचा,
आणि साहेब उघडायचा.

मग त्यांनी कंपनीला पत्र लिहायचं ठरवलं.
तक्रार अधिकाऱ्याचं नाव
मुंगीएवढ्या अक्षरांत, सगळ्यात तळाशी.
पहिल्या ओळीतच पेन घसरलं.
दे तुझ्याकडे, म्हणाले,
आणि खिडकीबाहेर बघत सांगत राहिले,
मी लिहीत राहिले:
माझ्या बोटाची बातमी आपण कुणाकुणाला विकली.
किती रुपयांना.
आवक-जावक वही कुठे असते, आणि ती कोण तपासतो.
नष्ट केली म्हणत असाल,
तर नष्ट करताना साक्षीला कोण उभं होतं,
त्याची सही पाठवावी.

एवढं झाल्यावर थांबले. मग म्हणाले,
खाली लिही, बायकोला मी स्वतः सांगणार होतो.
मी ते लिहिलं नाही.
मला ते तसंच हवं होतं, घरातल्या घरात.

बिटकोच्या पोस्टात रजिस्टर करायला गेलो.
खिडकीतल्या मुलीने पाकीट काट्यावर ठेवलं,
वजन पाहिलं, की-बोर्डकडे वळली,
आजोबा, मोबाईल नंबर सांगा.

कशाला लागतो?

मुलीची बोटं तिथेच राहिली.
तिने मान वर करून
पहिल्यांदाच आमच्याकडे नीट पाहिलं,
मग शेजारच्या खिडकीकडे, मग परत आमच्याकडे.
हे तिला आजवर कुणी विचारलं नसावं.
आमच्या मागे रांग खोळंबली.

खोळंबू दे.